मॅरिलबोनची निवडणूक

लंडन शहराच्या मध्यभागापासून वायव्येकडे मॅरिलबोन नावाचा विभाग आहे. एकोणिसाव्या शतकात या विभागात श्रीमंतांचे प्रशस्त चौक होते आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर अरुंद गल्ल्यांत मजुरांची दाट वस्तीही होती. अशा वस्तीतील गरिबांसाठी १८६६ साली सीमूर प्लेस येथे एक लहानसा दवाखाना उघडला. तेथे फक्त स्त्रिया आणि मुले यांनाच औषध मिळत असे, आणि औषध देणारी डॉक्टरही स्त्रीच होती. त्या काळी इंग्लंडात ही गोष्ट इतकी नवलाची होती की, प्रारंभी पुष्कळांना ती खरीच वाटली नसेल. परंतु आजारी मूल कडेवर घेऊन आलेल्या आईला नवल करण्यास सवड नसते. दवाखान्यात गर्दी होऊ लागली.

या डॉक्टरीणबाईंचे नाव एलिझाबेथ गॅरेट. त्यांचा जन्म १८३६ साली लंडनमध्ये झाला आणि बालपण सफक परगण्यातील ऑल्डबरा या समुद्रकाठच्या गावी गेले. वडील न्यूसन गॅरेट हे कष्टाने वर आलेले व्यापारी होते. मुलीने डॉक्टर होण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हा प्रथम ते संतापले. पण एकदा तिचा निश्चय पाहिल्यावर तिच्या पाठीशी भिंतीसारखे उभे राहिले. १८६० मध्ये गॅरेटबाई लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात परिचारिका म्हणून राहिल्या आणि हळूहळू वैद्यकाच्या व्याख्यानांना बसू लागल्या. पुढच्याच वर्षी तेथील विद्यार्थ्यांनी अर्ज केला की, या बाईंना वर्गात बसू देऊ नये. अर्ज मान्य झाला. विद्यापीठांची दारे तर बंदच होती. तेव्हा त्यांनी अपॉथेकरीज सोसायटी या जुन्या वैद्यक संस्थेच्या नियमांकडे लक्ष वळविले. ‘कोणतीही व्यक्ती’ अटी पुऱ्या करून परीक्षेस बसू शकते, असे त्या नियमांत म्हटले होते. ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री येत नाही, असे सिद्ध करणे कोणालाच शक्य नव्हते, आणि नकार मिळाल्यास न्यायालयात जाण्याची वडिलांची तयारी होती. १८६५ साली त्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या. लगेच सोसायटीने आपले नियम असे बदलले की, त्यांच्यामागून त्या वाटेने दुसरी स्त्री येऊ नये. ही हकिकत लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण पुढे अशीच एक वाट त्यांच्यासमोर अकस्मात उघडणार होती.

ती वाट उघडली १८७० च्या शिक्षणविषयक कायद्याने. इंग्लंडसारख्या धनवान देशातही तोपर्यंत सर्व मुलांसाठी शाळा नव्हत्या. बहुतेक शाळा निरनिराळ्या धर्मपंथांच्या संस्था चालवीत आणि सरकार त्यांना थोडे अनुदान देई. जेथे पंथ श्रीमंत तेथे शाळा चांगली; जेथे वस्ती दरिद्री तेथे पुष्कळदा काहीच नाही. लंडनच्या गल्ल्यांतून हजारो मुले दिवसभर काड्यापेट्या विकत, निरोप पोहोचवीत किंवा नुसतीच भटकत. विल्यम फॉर्स्टर या मंत्र्याने संसदेकडून जो कायदा संमत करून घेतला, त्याचा हेतू ही उणीव भरून काढण्याचा होता. जेथे शाळा अपुऱ्या असतील तेथे लोकांनी निवडलेले एक शाळामंडळ असावे, त्याला ‘स्कूल बोर्ड’ म्हणावे, आणि त्याने स्थानिक करातून पैसा उभारून शाळा बांधाव्यात, अशी योजना होती. मुलांना शाळेत पाठविण्याची सक्ती करण्याचा, तसेच अगदी गरिबांची फी माफ करण्याचा अधिकारही मंडळाला मिळाला. दर तीन वर्षांनी नवी निवडणूक व्हावयाची होती.

ही निवडणूक संसदेच्या निवडणुकीसारखी नव्हती. मत देण्याचा अधिकार स्थानिक कर भरणाऱ्यांना होता. ज्या विधवा किंवा अविवाहित स्त्रिया स्वतःच्या नावाने घर घेऊन राहत व कर भरीत, त्यांनाही तो मिळाला. विवाहित स्त्री मात्र बहुधा वगळली जाई, कारण कर तिच्या पतीच्या नावे असे. उमेदवाराच्या बाबतीत तर याहून मोकळीक होती. मंडळाचा सभासद पुरुषच असला पाहिजे, असे कायद्यात कोठेही म्हटलेले नव्हते. त्यामुळे विवाहित वा अविवाहित कोणत्याही स्त्रीला उभे राहता येत होते. संसदेसाठी इंग्लंडातील कोणतीही स्त्री त्या वेळी मत देऊ शकत नव्हती, मग संसदेत बसणे दूरच राहिले. मुलांच्या शाळांचा प्रश्न हा घरगुती प्रश्नासारखा आहे असे समजून कायदे करणाऱ्यांनी स्त्रियांना येथे अडविले नसावे. त्यांना स्वतःला ही गोष्ट किती मोठी वाटली होती, कोण जाणे!

लंडन शहरासाठी एकच मोठे मंडळ ठरले. शहराचे दहा विभाग करून त्यांतून मिळून ४९ सभासद निवडावयाचे होते. मॅरिलबोनच्या वाट्याला ७ जागा आल्या, आणि इतक्या जागा दुसऱ्या कोणत्याही विभागाला नव्हत्या. निवडणुकीची तारीख २९ नोव्हेंबर १८७० ही होती.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत मॅरिलबोनमधील काही कामकरी पुरुष गॅरेटबाईंकडे आले. ते त्यांच्या दवाखान्यातील रुग्णांचे पती आणि वडील होते. आपल्या वतीने बाईंनी शाळामंडळाच्या निवडणुकीस उभे राहावे, अशी त्यांची विनंती होती. या घटनेत विशेष काय, असे आज कोणी विचारील. ज्यांच्या बायकामुलांची नाडी बाईंनी पाहिली होती, त्यांनी आपणहून येऊन त्यांना उमेदवारी देऊ केली. कोणत्याही पक्षाच्या पुढाऱ्याला ती सुचली नाही, हे विशेष. चार वर्षांत त्या दवाखान्याने जे मिळविले होते त्याची मोजदाद कोणत्याही वहीत नव्हती. ती आता होणार होती.

गॅरेटबाईंनी लगेच होकार दिला नाही. दवाखाना होता, खाजगी रुग्ण होते, आणि त्याच वर्षी पॅरिस विद्यापीठाची एम. डी. ही पदवी त्यांनी फ्रेंच भाषेत परीक्षा देऊन नुकतीच मिळविली होती. शिवाय निवडणूक म्हणजे जाहीर सभा, आणि भर सभेत स्त्रीने उभे राहून बोलणे हे त्या काळच्या सभ्य समाजाला मुळीच मानवत नसे. बाईंनाही त्याची धास्ती होती. पण स्त्रियांना सार्वजनिक कामात घ्या अशी मागणी करावयाची आणि लोकांसमोर येण्याचा प्रसंग आला की पाऊल मागे घ्यावयाचे, हे त्यांच्या मनाला पटेना. त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या मैत्रीण एमिली डेव्हिस याही ग्रिनिच विभागातून उभ्या राहिल्या. मुलींना उच्च शिक्षण मिळावे म्हणून हिचिन येथे १८६९ साली निघालेले महाविद्यालय, जे पुढे गर्टन कॉलेज म्हणून प्रसिद्ध झाले, ते मुख्यतः या डेव्हिसबाईंच्याच खटपटीचे फळ होते.

गॅरेटबाईंच्या निवडणूक-समितीची सूत्रे जेम्स स्केल्टन अँडरसन या जहाज-व्यवसायातील गृहस्थांनी हाती घेतली. सभा भरू लागल्या. बाई लहानखुऱ्या, आवाज शांत, बोलणे मुद्द्याला धरून. भाषण संपल्यावर श्रोते प्रश्न विचारीत आणि उमेदवाराने तेथल्या तेथे उत्तर द्यावे असा रिवाज होता. शाळेत बायबल शिकवावे की नाही, शिकवावयाचे तर कोणत्या पंथाच्या मताप्रमाणे, यावर त्या काळी सर्व देशात कडाक्याचा वाद चालू होता. तेव्हा या प्रश्नांची उत्तरे देणे म्हणजे निखाऱ्यांवरून चालणे होते. गर्दीने भरलेल्या दालनात शेकडो पुरुष एका डॉक्टरीणबाईंना कर, फी आणि धर्मशिक्षण यांविषयी प्रश्न विचारीत आहेत आणि त्या एकेकाचे उत्तर देत आहेत, हे दृश्यच पुष्कळांना नवीन होते.

मतदानाची पद्धतही नवीन होती. संसदेच्या निवडणुकीत मतदाराला आपले मत उघडपणे सांगावे लागे. घरमालक, कारखानदार किंवा सावकार समोर उभा असताना गरीब भाडेकऱ्याने त्याच्या इच्छेविरुद्ध मत देणे म्हणजे स्वतःच्या घरावरचे छप्पर आपल्या हाताने उडविणे होते. गुप्त मतदानाचा कायदा संसदेसाठी १८७२ साली झाला. लंडनच्या शाळामंडळाच्या निवडणुकीत मात्र सिटी हा एक विभाग वगळता सर्वत्र गुप्त मतदान झाले. मजुराला कोणाच्या तोंडाकडे न पाहता मत देता आले.

दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक होती आणि ती थोडी सावकाश समजून घेतली पाहिजे. ज्या विभागात जितक्या जागा, तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळत. मॅरिलबोनमध्ये ७ जागा होत्या, म्हणून प्रत्येकाला ७ मते. ही मते त्याने सात उमेदवारांना एकेक द्यावीत, किंवा दोघातिघांत वाटावीत, किंवा सातही एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकावीत, त्याची मर्जी. लहान गटांनाही आपला एखादा प्रतिनिधी मंडळात पाठविता यावा, हा या पद्धतीचा उद्देश होता. मोठ्या गटांना ती फसवीही. बर्मिंगहॅम शहरात त्याच वर्षी १५ जागांची निवडणूक झाली. तेथे उदारमतवादी पक्षाचे बळ फार मोठे होते. त्या भरात त्यांनी पंधराच्या पंधरा जागांना उमेदवार उभे केले आणि आपली मते पंधरा ठिकाणी पातळ पसरली. इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या पक्षाने आठच उमेदवार उभे केले. ते आठही निवडून आले. रोमन कॅथलिकांनी आपली सर्व मते एकाच धर्मगुरूंना दिली. तेही निवडून आले. उदारमतवाद्यांच्या वाट्याला उरल्या फक्त सहा जागा! हिशेब न करता लढणाऱ्याला कायदा माफ करीत नाही.

मॅरिलबोनमध्ये मते मोजली गेली तेव्हा एलिझाबेथ गॅरेट यांच्या नावावर ४७,८५८ मते निघाली. दुसऱ्या क्रमांकावर टॉमस हक्सले होते. डार्विनच्या सिद्धान्ताचा निर्भीडपणे पुरस्कार करणारे शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव सर्व युरोपात गाजत होते. त्यांना १३,४९४ मते पडली. म्हणजे बाईंची मते हक्सले यांच्या साडेतीनपटीहूनही अधिक झाली. लंडनच्या दहाही विभागांत इतकी मते दुसऱ्या कोणालाच मिळाली नाहीत. ग्रिनिचमधून डेव्हिसबाईही निवडून आल्या, आणि मँचेस्टरच्या मंडळात लिडिया बेकर या स्त्री-मताधिकाराच्या चळवळीतील कार्यकर्त्या निवडल्या गेल्या.

या मोठ्या आकड्याने मात्र कोणी फसू नये. ४७,८५८ मते म्हणजे तितके मतदार नव्हेत. सर्वांनी आपली सातही मते बाईंनाच दिली असे धरले, तर सातने भागून कमीत कमी ६,८३७ मतदार येतात. ज्यांनी मते वाटून दिली असतील त्यांच्यामुळे खरी संख्या याहून अधिक असणार. तरीही आकड्यातून एक गोष्ट दिसते. हजारो मतदारांनी इतर सहा जागांचा विचार बाजूला ठेवून आपली बरीचशी किंवा सगळी मते या एका नावावर ओतली. व्यवहारी माणूस म्हणेल, यांतील पुष्कळ मते वाया गेली; निवडून येण्यास इतकी लागत नव्हती, ती दुसऱ्या एखाद्या समविचारी उमेदवाराला दिली असती तर त्याचेही काम झाले असते. ते खरे आहे. पण स्त्री उमेदवार निवडून येते की नाही अशी धाकधूक असताना आपली मते हात राखून कोण देणार?

१५ डिसेंबर १८७० रोजी लंडनच्या गिल्डहॉलमध्ये मंडळाची पहिली सभा भरली. अध्यक्ष निवडले गेले लॉर्ड लॉरेन्स. हे गृहस्थ भारताच्या इतिहासात परिचित आहेत. पंजाबचे प्रशासक म्हणून त्यांचे नाव झाले, आणि १८६४ ते १८६९ पर्यंत ते येथे व्हाइसरॉय होते. हिंदुस्थानासारख्या विशाल देशाचा कारभार पाहिलेल्या माणसाने एका शहरातील प्राथमिक शाळांच्या मंडळाचे अध्यक्षपद कमीपणाचे मानले नाही. त्यांच्याबरोबर उमराव होते, धर्मोपदेशक होते, हक्सले होते, फिन्सबरी विभागातून आलेले बेंजामिन लुक्राफ्ट नावाचे खुर्च्या-मेजे बनविणारे कारागीर होते, आणि या दोन स्त्रिया होत्या. संसदेच्या सभागृहात अशी पंगत त्या काळी बसूच शकली नसती.

पुढे कामाचा डोंगर होता. १८७१ मध्ये मंडळाने पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची केली. सक्ती कागदावर लिहिणे सोपे. परंतु ज्या घरात मुलाने आणलेल्या चार पेन्यांवर सायंकाळची भाकरी अवलंबून आहे, तेथे त्याला शाळेत पाठवा म्हणून सांगणे कठीण. मंडळाने घरोघर फिरणारे निरीक्षक नेमले. कोणत्या घरात किती मुले, कोण शाळेत जाते, कोण का जात नाही, याची नोंद हे निरीक्षक ठेवीत. पुढे चार्ल्स बूथ यांनी लंडनच्या दारिद्र्याची प्रसिद्ध पाहणी केली, तेव्हा त्यांना याच निरीक्षकांच्या माहितीचा मोठा आधार मिळाला. फीचा प्रश्न मात्र लवकर सुटला नाही. प्राथमिक शाळांतील फी बहुतांशी गेली ती १८९१ च्या कायद्यानंतर.

निवडणुकीनंतर थोड्याच दिवसांत गॅरेटबाईंचा विवाह अँडरसन यांच्याशी ठरला आणि फेब्रुवारी १८७१ मध्ये झाला. विवाह झाला म्हणजे स्त्रीने बाहेरचे काम सोडावे, हीच तेव्हाची रीत. श्रीमती गॅरेट अँडरसन यांनी ना दवाखाना सोडला, ना मंडळ. तीन वर्षांची मुदत त्यांनी पुरी केली. १८७३ मध्ये त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत, कारण वैद्यकातील काम त्यांची सारी शक्ती मागत होते. दवाखान्याचे रुग्णालय झाले. स्त्रियांना डॉक्टर करणारी शाळा लंडनमध्ये १८७४ साली निघाली. १८८३ पासून सुमारे वीस वर्षे त्या तिच्या प्रमुख होत्या. मुंबईच्या रखमाबाई १८८९ साली विलायतेला गेल्या त्या याच शाळेत शिकण्यासाठी, आणि १८९४ साली डॉक्टर होऊन परत येण्यास सिद्ध झाल्या.

मंडळाचे दार मात्र इतर स्त्रियांसाठी उघडेच राहिले. १८८८ च्या निवडणुकीत टॉवर हॅम्लेट्स या कष्टकऱ्यांच्या विभागातून ॲनी बेझंट सर्वाधिक मते घेऊन निवडून आल्या. उपाशी पोटी शाळेत येणाऱ्या मुलांना जेवण मिळावे म्हणून त्या झगडल्या. याच ॲनी बेझंट पुढे भारतात आल्या आणि १९१७ साली राष्ट्रसभेच्या अध्यक्ष झाल्या. सभा जिंकण्याची कला त्यांना आधीच साधली होती. करदात्यांच्या पैशाचा हिशेब देत संस्था चालविण्याचा अनुभव मात्र त्यांना या मंडळात मिळाला.

नंतर हे दार पुन्हा मिटले. १९०२ च्या कायद्याने इंग्लंडातील शाळामंडळे रद्द केली आणि शिक्षणाचा कारभार स्थानिक परिषदांकडे दिला. लंडनचे मंडळ १९०४ मध्ये संपले. कारभार एका हाती यावा हा कायद्याचा हेतू होता, आणि त्यात तथ्यही होते. परंतु या परिषदांवर निवडून येण्याचा अधिकार स्त्रियांना नव्हता. चौतीस वर्षे ज्या कामात स्त्रिया लोकांच्या मतांनी बसत आल्या होत्या, त्या कामात त्यांना फार तर समितीवर नेमून घेतले जाई. मत मागणे आणि नेमणुकीची वाट पाहणे यांत जे अंतर आहे, ते त्या स्त्रियांना चांगले कळत होते. परिषदांवर निवडून येण्याचा अधिकार १९०७ साली मिळाला.

त्याच वर्षी श्रीमती गॅरेट अँडरसन यांचे पती वारले. ते ऑल्डबरा गावचे नगराध्यक्ष होते. १९०८ मध्ये गावाने ते पद बाईंना दिले, आणि इंग्लंडातील पहिल्या स्त्री नगराध्यक्ष म्हणून वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्या आपल्या वडिलांच्या गावी गाडी, गटारे, पाणी आणि दिवाबत्ती यांच्या कामात रमल्या. १७ डिसेंबर १९१७ रोजी त्यांचे निधन झाले. तीस वर्षांवरील स्त्रियांना संसदेसाठी मत देण्याचा अधिकार पुढल्या फेब्रुवारीत मिळाला. मॅरिलबोनने ज्यांना ४७,८५८ मते दिली, त्यांना संसदेच्या निवडणुकीत स्वतःचे एक मत कधीही देता आले नाही.